गणपतीपुळे आणि स्थानिक स्वराज्याचा प्रश्न

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने उत्तरेकडे पंचवीसेक किलोमीटर गेले असता जे गणपतीपुळे लागते, ते पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या स्वयंभू गणेशाचे क्षेत्र म्हणून, आणि अलीकडच्या काही दशकांत सागरतीरावरचे विश्रामस्थान म्हणून, महाराष्ट्राच्या मनात इतके पक्के ठसलेले आहे की ते एक गावही आहे, त्या गावाला ग्रामपंचायत आहे, त्या पंचायतीला मतदार, सदस्य, सरपंच, दप्तर आणि घरपट्टी आहे, ही गोष्ट डोंगराला प्रदक्षिणा घालून परतणाऱ्या यात्रेकरूच्या ध्यानीही येत नाही. अंगारकी संकष्टीला किंवा माघी उत्सवाला गावच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे एका दिवसात येथे येऊन जातात. त्यांचे पाणी, त्यांची वाहने, त्यांचा कचरा आणि त्यांच्या जिवाची काळजी यांचा भार ज्या संस्थेवर पडतो, ती संस्था थोड्याशा मतदारांनी निवडलेल्या मूठभर सदस्यांची असते.

या लहानशा गावावर सत्ता मात्र अनेकांची आहे. मंदिराचा कारभार संस्थानाकडे. भरतीच्या रेषेलगत काय बांधावे आणि काय बांधू नये याचा निर्णय केंद्र सरकारच्या किनारा नियमन अधिसूचनेने बांधलेला. बंदरे व सागरी वाहतूक महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे. समुद्रकाठचे प्रशस्त निवासस्थान पर्यटन विकास महामंडळाचे. जमिनीचे दप्तर महसूल खात्याचे आणि बंदोबस्त पोलिसांचा. २०२० च्या फेब्रुवारीत सुमारे १०२ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यातील कामांचे भूमिपूजन तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते येथे झाले. एवढ्या रकमेचा व्यवहार कोणत्याही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाच्या कल्पनेपलीकडचा असतो, आणि तो पेलणारी यंत्रणाही अर्थातच जिल्ह्याची व राज्याची असते. पंचायतीच्या वाट्याला झाडलोट, दिवाबत्ती, नळपाणी, आणि लोकांच्या अपेक्षेने तिच्यावर येऊन पडलेली किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची जबाबदारी येते. ११ जून २०२३ रोजी बिपरजॉय चक्रीवादळाच्या उधाणाने लाटा किनाऱ्यावरच्या दुकानांत शिरल्या आणि पर्यटकांची धावपळ उडाली, त्या प्रकारच्या प्रसंगी विचारणा करण्यासाठी माणसे सागरी मंडळाच्या कचेरीत जात नाहीत. ती पंचायतीच्या दारात येतात.

स्थानिक लोकशाहीच्या साऱ्या चर्चेचा गाभा मला या एका गावाच्या स्थितीत दिसतो. मतदार ज्या संस्थेला निवडतो तिच्याकडे तक्रारी सगळ्या आणि निर्णय थोडे. ज्यांच्याकडे निर्णय आहेत त्यांना त्या मतदारासमोर कधी उभे राहावे लागत नाही. निवडणुका वेळेवर व्हाव्यात ही मागणी आवश्यकच आहे आणि तिचा विचार पुढे विस्ताराने करावयाचा आहे. परंतु ज्या दिवशी मतपेटी आणि अधिकार यांची गाठ गावाच्या पातळीवर पडेल त्या दिवशीच त्या मागणीला धार येईल, कारण ज्या संस्थेच्या नसण्याने कोणाचे काही अडत नाही तिच्यासाठी रस्त्यावर यायला कोणी तयार होत नाही.

ही गाठ घालण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव केला, आणि दोन वर्षांनी मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. त्या बोर्डांवर निवडून आलेले सभासद होते, पण मताधिकार जमीन-महसूल भरणाऱ्यांपुरता आणि दोरी कलेक्टराच्या हाती. मुंबई इलाख्यातील ग्रामपंचायतींचे कायदे १९२० व १९३३ चे. आणि आज ज्याच्या आधारे गणपतीपुळ्याची पंचायत चालते तो अधिनियम १९५८ चा, जो पुढच्या वर्षीच्या १ जूनपासून अमलात आला. तोवर कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने गेली होती. हा क्रम क्षुल्लक नाही. ज्या गावात जमीन, न्याय आणि मानपान ही तिन्ही एका घराण्याच्या ओसरीवर ठरत होती, त्या गावात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत देणारी पंचायत स्थापन करणे ही जुन्या व्यवस्थेची दुरुस्ती नव्हती. ती जागच्या जागी बदललेली सत्ता होती, निदान कागदावर.

कागद आणि वस्तुस्थिती यांतील अंतर सर्वांत स्पष्टपणे ज्यांनी ओळखले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, ही बाब येथे केवळ अभिमानाने सांगण्यासारखी नाही. ती विषयाशी निगडित आहे. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाची चर्चा चालू असताना त्यांनी अस्पृश्य वर्गाला राखीव प्रतिनिधित्व दिल्यावाचून गावाच्या हाती सत्ता देण्यास विरोध केला. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाला राज्यघटनेचा पाया मानण्याची कल्पना त्यांनी कठोर शब्दांत नाकारली. पुढे के. संथानम् यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींची तरतूद घटनेच्या चाळिसाव्या अनुच्छेदात आली, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणूनच. ग्रामराज्याचे कैवारी आंबेडकरांचा हा आक्षेप टाळून पुढे जातात, आणि मला वाटते त्यांचे सर्वांत मोठे दौर्बल्य तेथेच आहे. कोकणच्या कोणत्याही गावात बौद्धवाडी गावठाणापासून किती दूर आहे, तिचा रस्ता केव्हा डांबरी झाला आणि तिच्या विहिरीचा गाळ केव्हा उपसला गेला, हे पाहिले की स्थानिक सत्ता कोणाची होती याचे उत्तर मिळते. आज राखीव जागांमुळे त्या वाडीचा सदस्य, कधी सरपंचही, खुर्चीवर बसतो; हे आंबेडकरांच्या त्या आग्रहाला लागलेले फळ आहे, आणि स्थानिक लोकशाहीच्या जमाखर्चात जमेची सर्वांत मोठी रक्कम हीच आहे असे मी समजतो.

स्त्रियांच्या बाबतीत महाराष्ट्राने घटनादुरुस्तीची वाट पाहिली नाही. बारामती तालुक्यातील निंबूत येथे १९६३ साली पंचायतीचा कारभार सर्वस्वी स्त्रियांच्या हाती आला होता. १९९० साली राज्याने त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखल्या, घटनादुरुस्तीने त्या एक-तृतीयांश झाल्या आणि २०११ पासून निम्म्या. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी यजमानांची खुर्ची मांडलेली असते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते व ती खोटी नाही. परंतु दुसऱ्या वर्षी दप्तरातले नमुना नऊचे रजिस्टर स्वतः उघडून कोणाची घरपट्टी थकली आहे हे पाहणारी बाई त्याच पद्धतीतून तयार झालेली आहे. तिचे दुर्दैव इतकेच की चक्रानुक्रमाने पाच वर्षांनी तिची जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते, आणि तहसील कचेरीतल्या सोडतीची एक चिठ्ठी तिने कमावलेला अनुभव घरी पाठवते. निदान दोन मुदतींपर्यंत आरक्षण कायम ठेवण्याचा विचार व्हावयास हवा.

जिल्ह्याच्या पातळीवर महाराष्ट्राने जे केले ते देशात वेगळे होते. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली त्रिस्तरीय रचना सुचवताना विकासगटाला, म्हणजे तालुक्याच्या पातळीला, प्राधान्य दिले होते. वसंतराव नाईक समितीने ते मान्य न करता जिल्हा हाच नियोजनाचा व अंमलबजावणीचा घटक मानला. १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला, आणि प्राथमिक शाळा, दवाखाने, जिल्हा मार्ग, पशुसंवर्धन, लघुपाटबंधारे असा मोठा कारभार निवडून आलेल्या जिल्हा परिषदेकडे गेला; कलेक्टराला त्या सभागृहाबाहेर ठेवण्यात आले, यातच त्या काळच्या राज्यकर्त्यांचे धैर्य दिसते. पण ज्यांनी सत्ता दिली त्यांनाच ती लवकर खुपू लागली. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७२ नंतर १९७९ साली, आणि त्यानंतर एकदम १९९२ साली झाल्या. पाच वर्षांच्या मुदतीसाठी निवडलेली माणसे तेरा वर्षे जुनी होत गेली, आणि सरकार कोणत्याही पक्षाचे असो, निवडणूक पुढे ढकलण्याचे कारण त्याला नेहमी सापडत गेले.

या अनुभवातूनच त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली. २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षे, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे अनुच्छेद २४३-ई निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. निवडणुका सरकारच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून प्रत्येक राज्याला स्वतंत्र निवडणूक आयोग मिळाला. महाराष्ट्राचा आयोग १९९४ साली स्थापन झाला. २००६ साली किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन पुन्हा ठासून सांगितले. इतकी मजबूत तटबंदी उभारल्यावर १९७९ ते १९९२ सारखा काळ पुन्हा येणार नाही, अशी समजूत होणे स्वाभाविक होते.

तो आला. २०१७ च्या फेब्रुवारीत निवडलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि सभागृहाला कुलूप लागले. मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. कारणे लहान नव्हती. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठी तिहेरी कसोटी लावली. ती पुरी करण्यासाठी बांठिया आयोग नेमला गेला व २०२२ च्या जुलैत त्याचा अहवाल स्वीकारला गेला. त्यातच प्रभागरचनेचे व सदस्यसंख्येचे कायदे सरकार बदलताच बदलले. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ‘जैसे थे’चा आदेश आला. मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा होता आणि तो सोडवणे आवश्यकच होते. पण तो सुटेपर्यंत सगळ्यांचेच प्रतिनिधित्व तहकूब ठेवावे, हा न्याय अजब होता. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा हुकूम दिला, सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ची अखेरची मुदत घालून दिली, आणि २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान सुरू झाले. तोवर २०२२ च्या मार्चपासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचे सभागृह रिकामे राहिले होते.

या काळात काय गमावले याचा हिशेब सामान्य मतदारासमोर कोणी नीट मांडला नाही, म्हणून तो येथे मांडतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के अशा प्रमाणात वाटला जात होता, आणि जेथे निवडलेले मंडळ नाही तेथे तो देऊ नये अशी अट होती. तेव्हा वरच्या दोन पातळ्यांचा हिस्सा अडला. अनुच्छेद २४३-झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडलेल्या सदस्यांतून यावयाचे असतात. ते सदस्यच नाहीत म्हटल्यावर जिल्ह्याचा वार्षिक आराखडा पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यापुरता उरला. विधान परिषदेत स्थानिक संस्थांनी निवडून द्यावयाची रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा २०२४ च्या मे अखेरीस मोकळी झाली ती मतदारच नसल्याने तशीच राहिली. शाळेला शिक्षक नाही, उपकेंद्रात परिचारिका नाही, साकव वाहून गेला, ही गाऱ्हाणी घेऊन माणूस पूर्वी आपल्या गटातल्या सदस्याचे दार ठोठावत असे. तो सदस्य कितीही निष्क्रिय असो, त्याला पुन्हा मत मागायला यायचे असे. प्रशासकाला त्या गावात पुन्हा यायचे नसते. त्याची बदली होते.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती या काळातल्या शांततेची. विधानसभेची निवडणूक साडेतीन महिनेही लांबली असती तर राज्य ढवळून निघाले असते. जिल्हा परिषद साडेतीन वर्षे नव्हती, आणि तिकीट मिळण्याची आशा बाळगून बसलेल्या कार्यकर्त्यांपलीकडे कोणी हळहळले नाही. लोकांना लोकशाही नको आहे असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे होईल. पालकमंत्र्यांच्या समितीने, आमदार निधीने आणि मंत्रालयातून थेट उतरणाऱ्या योजनांनी जिल्हा परिषदेचे काम गेल्या तीस वर्षांत इतके काढून घेतले होते की तिचे सभागृह बंद झाल्याचे गावाला जाणवलेच नाही.

ग्रामपंचायतीचे तसे नाही. राज्यातल्या सुमारे २८ हजार पंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हावाचून होतात, आणि तेथे मतदानाची टक्केवारी शहरांना लाजवील अशी असते. गावात मत म्हणजे भावकी, वाडी, जुने वाद, नवे सोयरेपण, हे सर्व असते, आणि ते असणारच. कोकणात त्यात मुंबईची भर पडते: गावपॅनेल कोणते उभे करायचे याची बैठक पुष्कळदा परळ-लालबागच्या, आता नालासोपाऱ्याच्या किंवा दिव्याच्या, एखाद्या खोलीत वाडीच्या मुंबई मंडळात होते, आणि मतदानाला गाड्या करून चाकरमानी येतात. पैसा पाठवणाऱ्याला गावाविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार आहेच. पण एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या बाईपेक्षा त्याच्या मताला अधिक वजन येऊ नये.

बिनविरोध निवडणुकीचे जे कौतुक आपल्याकडे चालते त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तंटा टळतो, खर्च वाचतो, हे खरे. परंतु २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे पंचायतीच्या सत्तेसाठी दोन कोटींहून अधिक रुपयांची बोली लागल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला ती निवडणूक रद्द करावी लागली. मंदिरासाठी पैसा दिला म्हणून लिलाव पुण्यवान होत नाही. आणि जेथे पैशाची बोली नसते तेथेही मानकऱ्यांच्या बैठकीत ज्याचे नाव निघाले त्याच्याविरुद्ध अर्ज भरणाऱ्याला गावकीच्या पालखीपाशी काय सोसावे लागते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. एकमत व्हावे, पण ते ग्रामसभेत, उघड्यावर, विरोधकाला बोलू देऊन व्हावे.

सरपंच थेट मतदारांनी निवडावा की सदस्यांनी, याविषयी तर गेल्या काही वर्षांत कायदा तीनदा फिरला: २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली गेली, २०२२ साली पुन्हा आली. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येते. पण प्रत्येक सरकारने आपल्या सोयीने नियम बदलावा आणि गावाने तो मुकाट्याने पाळावा, यात गावाचे मत विचारण्याची आठवण कोणालाही झाली नाही, हे विसरता येत नाही.

आता ग्रामसभेकडे वळतो, कारण निवडणूक पाच वर्षांनी एकदा येते आणि ग्रामसभा वर्षातून निदान चारदा. गणसंख्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील कमी असेल ती; ती न भरल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येचे बंधन नाही. प्रघाताने या सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात, आदल्या दिवशी महिला सभा. हे दिवस ठरवताना सुट्टीच्या दिवशी माणूस मोकळा असतो असे गृहीत धरलेले आहे. गणपतीपुळ्यासारख्या गावात नेमक्या या दिवशी कोणीच मोकळे नसते. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला की पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागते. १ मेला बागेत हापूसची तोडणी, पेट्या भरणे आणि उन्हाळी पर्यटकांचा पूर. १५ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठून दोन आठवडे झालेले, होड्या दर्यावर. २ ऑक्टोबरला पुन्हा सुट्टीचे पाहुणे. ज्या बाईने महिला सभेत पाण्याविषयी बोलायचे, ती घरगुती खानावळीत सकाळपासून उकडीचे मोदक वळत असते आणि दुपारी बाराला चाळीस ताटांची मांडामांड करत असते. मग शाळेच्या पडवीत वीस-पंचवीस डोकी जमतात, अधिकारी मागील सभेचे इतिवृत्त वाचतो, हजेरीवही नंतर वाड्यांतून फिरते, आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या शीर्षकाचा आराखडा ज्यांच्या गावाचा आहे त्यांच्या गैरहजेरीत मंजूर होतो. अधिक सभा बोलावण्यास कायद्याची आडकाठी नाही. किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावांनी पाऊस पडून लावणी उरकल्यावर, जुलैच्या अखेरीस, जेव्हा होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा एखाद्या आडवारी आपली मुख्य ग्रामसभा घ्यावी, ही सूचना मी आग्रहाने करतो. शेजारच्या गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी भरते, आणि तेथे बांधकामांच्या परवान्यांवरून होणारी खडाजंगी पाहिली तर सभेला अधिकार आणि सवड दोन्ही असली की माणसे येतात, हे पटते.

उरतो तो पैशाचा प्रश्न, आणि तो मुळाशी आहे. वित्त आयोगाच्या अनुदानाची वाटणी मुख्यत्वे कायम लोकसंख्येच्या आधारे होते. वर्षभर येऊन जाणाऱ्या लाखो पावलांची त्यात गणना नाही. १९५८ च्या अधिनियमाचे कलम १२४ पंचायतीला यात्रा कर, जत्रा-उत्सवांवरील कर, खानावळी व दुकानांवरील कर बसवू देते, पण बहुतेक पंचायती या कलमाला भीत भीत हात लावतात, कारण कर बसवणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत तोंड द्यायचे असते आणि यात्रेकरूची नाराजी धंद्याला बाधेल अशी धास्ती असते. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हवाली केला, तेव्हा तेथल्या ग्रामसभांना अचानक गर्दी झाली, हा अनुभव आपल्यासमोर आहे.

गणपतीपुळ्यापुरते बोलायचे तर पहिले पाऊल फार मोठे नाही. या किनाऱ्याविषयी ज्या ज्या खात्याचा निर्णय चालतो, त्या प्रत्येकाच्या अधिकाऱ्याने वर्षातून एकदा ग्रामसभेत येऊन आपल्या कामाचा व खर्चाचा जबाब द्यावा. विकास आराखड्यातील प्रत्येक कामाची किंमत, ठेकेदार आणि मुदत पंचायतीच्या फलकावर लागावी. आणि यात्रेकरूंकडून गावात जो कर व शुल्क गोळा होईल त्यातून जीवरक्षकांचे वेतन सर्वांत आधी, बारमाही आणि वेळेवर निघावे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक आणि ग्रामसभेचा एक ठराव पुरेसा आहे, व तो ठराव मांडण्याचा हक्क मतदारयादीत नाव असलेल्या कोणाही माणसाला आहे.